कर्ल शून्य, तरी फेरी शून्य नाही: कॉन्झर्व्हेटिव्ह फील्डचा हिशोब

अमळनेरहून एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: "(−य, क्ष) भागिले (क्ष² + य²) या फील्डचा कर्ल मी चार वेळा काढला, शून्यच येतो. पण मूळबिंदूभोवतीच्या वर्तुळावर लाइन इंटिग्रल केला की उत्तर २ पाय (२π) येते. कर्ल शून्य म्हणजे फील्ड कॉन्झर्व्हेटिव्ह, असे नोट्समध्ये आहे. मग माझे कुठे चुकले? दुसरे म्हणजे, घर्षण नॉन-कॉन्झर्व्हेटिव्ह आहे तर त्याचा कर्ल किती? आणि चुंबकीय बल कोणत्या रकान्यात टाकायचे?"

तुझे कुठेच चुकलेले नाही. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. चुकले आहे ते नोट्समधले वाक्य, आणि तेही अर्धेच. जळगाव जिल्ह्यात पदवीच्या वर्गांना तीसेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवताना हे अर्धे वाक्य मी दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वहीत पाहिले आहे. सुरुवातीची काही वर्षे मी स्वतःही फळ्यावर तसेच लिहीत होतो, हेही सांगून टाकतो.

नवख्या वाचकासाठी आधी शब्द: फील्ड म्हणजे प्रत्येक जागी एक बाण, लाइन इंटिग्रल म्हणजे वाटेने जाताना त्या बाणांनी दिलेल्या कार्याची बेरीज, आणि कर्ल म्हणजे एखाद्या जागी फील्ड किती गिरकी देते त्याचे माप. कॉन्झर्व्हेटिव्हला मराठी पुस्तकांत 'संरक्षी' असाही शब्द भेटतो. वर्गात मात्र सगळे कॉन्झर्व्हेटिव्हच म्हणतात, तेव्हा मीही तेच लिहितो. या शब्दाने एक घोळ होतो. 'ऊर्जा टिकते ते कॉन्झर्व्हेटिव्ह, ऊर्जा वाया जाते ते नॉन-कॉन्झर्व्हेटिव्ह' असे डोक्यात बसते. ते बाजूला ठेव. फील्डला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: घरातून निघालो, कुठल्याही वाटेने फिरलो, परत घरी आलो, तर या फील्डशी माझा देण्याघेण्याचा हिशोब शून्य होतो का? आणि हे एखाद्या फेरीपुरते नको, प्रत्येक फेरीला झाले पाहिजे.

चाळीसगावहून कन्नडच्या घाटाने वर जाणारा ट्रक घे. १६ टनांचा ट्रक, समजा ३०० मीटर उंची चढला. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागलेले कार्य साधारण ४७ मेगाज्यूल. एक लिटर डिझेल जाळले की साधारण ३६ मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणजे सव्वा लिटरहून थोडे जास्त डिझेल नुसते उंचीसाठी, तेही इंजिनाने काहीच वाया घालवले नाही असे धरून. आता तोच ट्रक खाली उतरला. गुरुत्वाकर्षणाने ते ४७ मेगाज्यूल पै न पै परत केले. घाटाला किती वळणे आहेत, रस्ता किती लांब आहे, याने एक ज्यूलचाही फरक पडला नाही. डिझेल मात्र परत आले नाही. ते कुठे गेले हे घाट उतरल्यावर ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेला की कळते (लावू नकोस, नुसता जवळ ने). चोरी ब्रेकने केली, हवेने केली, टायरने केली. गुरुत्वाकर्षणाच्या खात्यात खोट नाही.

फेरी मारून परत आलो तर शून्य, आणि दोन ठिकाणांमधले कार्य वाटेवर अवलंबून नाही, ही एकच गोष्ट आहे. एका वाटेने गेलो, दुसऱ्या वाटेने परत आलो की फेरी होते. वाट मोजायची नसेल तर नुसती 'जागा' पुरते, आणि मग प्रत्येक जागेला एक आकडा चिकटवता येतो. तो आकडा म्हणजे पोटेन्शियल. हे सगळे तुला येत असणार, म्हणून पुढे जातो.

एक छोटे गणित मात्र हाताने कर. (य, क्ष) आणि (−य, क्ष) ही दोन फील्ड घे. दिसायला फरक एका उणे चिन्हाचा. मूळबिंदूपासून (१, १) पर्यंत जायचे आहे. आधी आडवे मग उभे, ही पहिली वाट. आधी उभे मग आडवे, ही दुसरी. पहिल्या फील्डमध्ये दोन्ही वाटांनी १ येते, कारण त्याचे पोटेन्शियल आहे, क्ष गुणिले य. दुसऱ्या फील्डमध्ये पहिल्या वाटेने +१ आणि दुसऱ्या वाटेने −१. म्हणजे पहिल्या वाटेने जाऊन दुसरीने परत आलीस तर हातात २ उरतात. आता या फील्डचा कर्ल काढ: २. चौकोनाचे क्षेत्रफळ १. दोन गुणिले एक, दोन. कर्ल हा फेरीचाच हिशोब आहे, फक्त अगदी चिमुकल्या फेरीचा, दर एकक क्षेत्रफळाला.

इथून तुझ्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते. मोठी फेरी म्हणजे तिच्या आतल्या सगळ्या चिमुकल्या फेऱ्यांची बेरीज. शेजारच्या दोन फेऱ्यांची सामाईक कड एकदा पुढे, एकदा मागे मोजली जाते आणि कटते. प्रत्येक चिमुकली फेरी शून्य, तर बेरीज शून्य. हे खरे आहे, पण आतल्या सगळ्या जमिनीवर फील्ड असले पाहिजे. तुझ्या फील्डला मूळबिंदूपाशी भोक आहे. तिथे भागाकार शून्याने होतो, फील्डच नाही. तिथली चिमुकली फेरी तू मोजलीच नाहीस, कारण मोजता येतच नाही.

हे फील्ड खानदेशातल्या माणसाने पाहिलेले असते. एप्रिल-मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकला की नांगरून पडलेल्या काळ्या रानात दुपारी वावटळ उठते. पाचोळा, धूळ, कधी एखादी प्लॅस्टिकची पिशवी गरगरत वर जाते. तिच्या गाभ्यात हवा चाकासारखी, सगळी मिळून फिरते. गाभ्याच्या बाहेर मात्र केंद्रापासून जितके दूर तितका वेग कमी, साधारण एक भागिले अंतर या प्रमाणात. तुझे फील्ड म्हणजे या बाहेरच्या भागाचे चित्र आहे, आणि गाभा आकसून एक बिंदू झाला आहे.

फिरणाऱ्या हवेचा कर्ल शून्य कसा, हे पोरांना पटत नाही. मलाही नुसत्या सूत्राने पटले नव्हते. म्हणून शेतातल्या हौदावर एक प्रयोग करायचो. हौद भरून घ्यायचा, पाणी स्थिर होऊ द्यायचे, मग तळाचा बूच काढायचा. भोवरा पडला की काडीपेटीच्या दोन काड्या अधिकच्या चिन्हासारख्या बांधून, एका टोकाला कुंकू लावून भोवऱ्यापासून वीतभर अंतरावर सोडायच्या. काड्या भोवऱ्याभोवती गोल फिरतात, पण कुंकू लावलेले टोक जवळजवळ एकाच दिशेला राहते. विहिरीकडे तोंड असेल तर फेरी पुरी होईपर्यंत विहिरीकडेच. काड्या परिक्रमा करतात, स्वतःभोवती गिरकी घेत नाहीत. कर्ल मोजतो ती गिरकी, परिक्रमा नव्हे. त्याच काड्या भोवऱ्याच्या तोंडाशी गेल्या की गर्रकन फिरतात आणि बुडतात. तिथे कर्ल आहे.

गणितातही हे लख्ख दिसते. भोवऱ्याभोवती पाचराच्या आकाराची फेरी घे: आतली कमान, बाहेरची कमान आणि दोन सरळ कडा. सरळ कडा फील्डला काटकोनात, तिथे काही मिळत नाही. बाहेरची कमान दुप्पट लांब असेल तर फील्ड तिथे निम्मे, म्हणून दोन्ही कमानींवर उत्तर सारखेच, म्हणजे पाचराचा कोन. एक पुढे, एक मागे, शून्य. आता पूर्ण वर्तुळ घे. कोन २ पाय, म्हणजे साधारण ६.२८. त्याला कापायला आतली कमान कुठे आहे? नाही. म्हणून ६.२८ हातात उरतात, वर्तुळ लहान घे की मोठे. मूळबिंदूला न घेरता कितीही वाकडीतिकडी फेरी मार, शून्यच येईल. दोनदा घेरलेस तर १२.५७ येतील.

तर पुरे वाक्य असे: कर्ल शून्य असेल आणि प्रदेशात अशी भोके नसतील की ज्यांच्याभोवती फेरी अडकून बसते, तर फील्ड कॉन्झर्व्हेटिव्ह. परीक्षेत याच फील्डबद्दल 'उजव्या अर्ध्या प्रतलात कॉन्झर्व्हेटिव्ह आहे का' असे विचारले तर उत्तर 'हो', कारण तिथे मूळबिंदूला वळसा घालताच येत नाही. तिथे त्याचे पोटेन्शियल म्हणजे सरळ कोन. पूर्ण प्रतलावर कोनाला एकच किंमत देता येत नाही, फेरी मारली की तो २ पायने वाढतो. भानगड एवढीच आहे.

जाता जाता: त्रिमितीत एक बिंदू काढला तर बिघडत नाही. भोवती टाकलेला दोरीचा वेढा त्या बिंदूवरून उचलून बाजूला घेता येतो. म्हणून बिंदूभाराचे विद्युत क्षेत्र त्या बिंदूपाशी अनंत असूनही कॉन्झर्व्हेटिव्ह राहते. त्रिमितीत अडचण होते ती अख्खी रेषा काढली की. आणि ही रेषा कल्पनेतली नाही, ती वीज वाहणारी तार आहे. लांब सरळ तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र हुबेहूब तुझे फील्ड आहे. १० अँपिअरची तार, १० सेंटिमीटरवर २० मायक्रोटेस्ला. आपल्याकडे पृथ्वीचे क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला, म्हणून होकायंत्राची सुई ठळक वळते. १८२० साली अर्स्टेडने सुई वळलेली पाहिली ती अशाच तारेजवळ. तारेबाहेर कर्ल शून्य, पण तारेला वळसा घातलास की विद्युतधारेच्या प्रमाणात उत्तर येते. अँपिअरचा नियम तू दोन वर्षे वापरते आहेस. तुझा प्रश्न म्हणजे तोच नियम, फक्त वेष बदललेला.

आता घर्षण. त्याचा कर्ल किती? घर्षणाचा कर्ल काढणे म्हणजे बैलाचे दूध काढणे. फील्ड म्हणजे प्रत्येक जागी एक बाण. ओट्यावर ५० किलोचे पोते ओढताना घर्षणगुणक ०.४ धर, घर्षण १९६ न्यूटन. पोते उजवीकडे ओढले की बाण डावीकडे, डावीकडे ओढले की त्याच जागी बाण उजवीकडे. मग त्या जागी कोणता बाण काढायचा? काढताच येत नाही. घर्षण जागेचे फलन नाही, चालीच्या दिशेचे आहे. १० मीटर नेले तर १,९६० ज्यूल गेले, परत आणले तर आणखी १,९६०.

कर्ल असलेले फील्ड आणि घर्षण, या दोन जातींतला फरक ओळखायची एक सोपी युक्ती आहे, ती मला पुस्तकात क्वचितच दिसली: फेरी उलटी मार. (−य, क्ष) मध्ये सुलट फेरीला २ मिळाले, तर उलट फेरीला २ द्यावे लागतात. फील्ड खरे असेल तर उलट्या फेरीला चिन्ह बदलतेच. घर्षण सुलट्यालाही घेते, उलट्यालाही घेते. माझा आजा तेलाच्या घाण्यावर बैल हाकायचा आणि वैतागून म्हणायचा, "फिरी फिरीसन तठेच." बैल तठेच यायचा खरा, पण त्याने प्रत्येक फेरीला घाण्याला कार्य दिलेले असायचे. घाणा उलटा फिरवला असता तर ते परत मिळाले नसते.

चुंबकीय बलाचे उत्तर काही नोट्समध्ये 'कॉन्झर्व्हेटिव्ह' असे दिलेले असते, काहींत 'नॉन'. दोन्हींकडे अर्धे खरे आहे. प्रभारावरचे चुंबकीय बल नेहमी वेगाला काटकोनात, म्हणून कार्य कायमच शून्य, ऊर्जेला धक्का नाही. पण ते वेगावर अवलंबून आहे, नुसत्या जागेवरून सांगता येत नाही, त्यामुळे ज्याचा ग्रेडियंट (जागेनुसार बदलण्याचा दर) घेऊन हे बल मिळेल असे साधे पोटेन्शियल नाही. वर्णनात्मक उत्तरात हे दोन्ही लिही. आणि चुंबकीय बल व चुंबकीय क्षेत्र यांची गल्लत करू नकोस. क्षेत्राच्या फेरीचे उत्तर वर तारेच्या उदाहरणात आले आहे.

विद्युत क्षेत्राकडे येतो, कारण परीक्षक इथे हमखास पकडतात. 'विद्युत क्षेत्र कॉन्झर्व्हेटिव्ह असते' हे चुंबकीय क्षेत्र बदलत नसतानाच पूर्ण खरे, उदाहरणार्थ प्रभार स्थिर असताना. चुंबकीय क्षेत्र काळानुसार बदलत असेल तर विद्युत क्षेत्राला खराखुरा कर्ल येतो, भोकाची सबब लागत नाही. फॅरेडेचा नियम म्हणजे तेवढेच. आमच्या भागात ट्रान्सफॉर्मरला 'डीपी' म्हणतात, आणि डीपी जळाली की गहू-हरभऱ्याच्या भरात अख्ख्या शिवाराचे पाणी थांबते. त्या डीपीच्या आत, लोखंडी गाभ्याभोवती विद्युत क्षेत्र गोल फिरत असते. ते कॉन्झर्व्हेटिव्ह असते तर तांब्याच्या तारेला गाभ्याभोवती कितीही वेढे देऊन काहीच मिळाले नसते. प्रत्येक वेढ्याला थोडा व्होल्टेज मिळतो, कारण फेरी शून्य होत नाही.

प्रयोगशाळेत एका जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याभोवती आम्ही एकच वेढा घेतला, त्यात एका बाजूला १०० ओहम आणि दुसऱ्या बाजूला ९०० ओहमचा रोध. जिथे हे दोन रोध जोडले जातात त्या दोन बिंदूंना अ आणि ब म्हण. आता दोन सारखे व्होल्टमीटर घेतले, दोन्ही अ आणि ब लाच जोडले. एकाच्या तारा गाभ्याच्या डावीकडून, दुसऱ्याच्या उजवीकडून. समजा वेढ्यात १ व्होल्ट तयार झाला. धारा १ मिलिअँपिअर. एक मीटर ०.१ दाखवतो, दुसरा ०.९. आमच्याकडचे आकडे याहून बरेच लहान होते, पण प्रमाण एकास नऊच. पहिल्यांदा केला तेव्हा आमच्या प्रयोगशाळा सहायकाने मीटर बदलून पाहिले, तारा बदलून पाहिल्या, शेवटी सेल बदलला. मीटर निर्दोष होते. 'अ आणि ब मधला व्होल्टेज किती' हा प्रश्नच तिथे अपुरा आहे, कारण उत्तर वाटेवर ठरते. घरी करायचा झाला तर थेट मेनवर करू नकोस, जाणकार माणूस सोबत ठेव.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण खानदेशातल्या मुलांना सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा शिलालेख आहे, शके ११२८ चा. आजोबांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत म्हणून तो मठ. त्या ग्रंथांपैकी सिद्धांतशिरोमणीत, इ.स. ११५० च्या सुमारास, एका चाकाचे वर्णन आहे: पोकळ आरे, त्यांत अर्धा पारा भरायचा, तोंडे बंद करायची, चाक आसावर चढवायचे, की ते आपोआप फिरत राहते. एका बाजूचा पारा कडेला सरकतो, दुसऱ्या बाजूचा आसाकडे, म्हणून एक बाजू जड, असा विचार.

ते फिरत राहणार नाही. पण का, हे दाखवायला पाऱ्याचा गुरुत्वमध्य प्रत्येक कोनात कुठे आहे ते मोजत बसायची गरज नाही. चाकाची एक फेरी पूर्ण झाली की पाऱ्याचा प्रत्येक थेंब पुन्हा पहिल्या उंचीवर. गुरुत्वाकर्षण कॉन्झर्व्हेटिव्ह. म्हणून त्या फेरीत गुरुत्वाकर्षणाने दिलेले कार्य शून्य, आऱ्यांचा आकार कसाही असो. आसाच्या घर्षणाला लागणारी ऊर्जा कुठून आणणार? चाक थांबते. सहलीला तिथे गेल्यावर पोरे हसायची, तेव्हा मी त्यांना तारीख विचारायचो: ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मायर, ज्यूल, हेल्महोल्ट्झ यांच्या हातून उभा राहिला तो १८४० च्या दशकात. भास्कराचार्यांनंतर सुमारे सातशे वर्षांनी. भास्कराचार्यांच्या काळी या चाकाला 'नाही' म्हणायला असा नियम कुणाच्या हाती नव्हता.

आणि धुळे जिल्ह्यात साक्रीकडे गेलीस की ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या दिसतील. तिथेही पाते फेरी मारून त्याच जागी येते, आणि प्रत्येक फेरीला वीज देऊन जाते. तिथे वारा पात्याला पूर्ण फेरीभर फिरण्याच्या दिशेनेच ढकलतो, परतीच्या वाटेत काही मागत नाही. त्याची किंमत वारा स्वतः हळू होऊन चुकवतो. पाटणचे चाक आणि साक्रीचे चाक, दोन्ही फिरतात तशी गोलच. फरक त्यांना ढकलणाऱ्या बलाचा आहे.

तुझ्या सरावासाठी एक: तुझ्या फील्डमधला वरचा भाग बदल, (−य, क्ष) ऐवजी (क्ष, य) घे, खाली तेच (क्ष² + य²). भोक तेच, कर्ल पुन्हा शून्य. आता मूळबिंदूभोवती फेरी मार. या वेळी शून्य येईल, आणि पूर्ण प्रतलावर, मूळबिंदू सोडून, चालणारे पोटेन्शियलही सापडेल. त्यात लॉगॅरिथम येतो. भोकाभोवतीची फेरी प्रत्यक्ष मोजल्याशिवाय उत्तरपत्रिकेत ना 'आहे' लिही, ना 'नाही'.